गाळाच्या बाई

पहिल्या दिवशी बाईंनी मला काहीच विचारलं नाही. बेसिनकडे बोट दाखवून "हात धू" म्हणाल्या. मी धुतले. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे भिजवलेस. आता धू." मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी माझी बोटं एकेक करून साबणात चोळली, नखांखालून ब्रश फिरवला, हातातली बांगडी काढून ठेवायला लावली. मी बीएस्सीला फर्स्ट क्लास मिळवलेली, लालबागहून नवाकोरा ड्रेस घालून आलेली, आणि ही पासष्टीची बाई बालवाडीतल्या पोरीसारखे माझे हात धुतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. टॉवेल पुढे करत म्हणाल्या, "रागावू नकोस. बांगडीचा रंग, तोंडाची पावडर, चाळीच्या कठड्याचा गंज, हे सगळं तू बरोबर घेऊन येतेस. मला त्यातलं काही नकोय. नदीच्या पोटात काय आहे तेवढंच हवंय."

बाईंना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. त्यांचा विभाग माझ्याकडे आहे आणि नव्या मुलींचे हात मी तसेच धुऊन घेते. मुली चिडतात. चिडू देत.

लोअर परळला एका बंद मिलच्या आवारात आमची पाणी तपासायची खासगी प्रयोगशाळा आहे. सोसायट्या टाकीचं पाणी आणतात, बिल्डर बोअरवेलचं. बहुतेकांना पाण्यात जंतू आहेत का, एवढंच हवं असतं. बाईंचा विभाग वेगळा, धातूंचा. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा. जन्मभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्या आमच्याकडे आल्या, आणि येताना स्वतःचा गाळ घेऊन आल्या. हे मी गमतीने म्हणत नाही. खरोखरच टेम्पोतून गाळाच्या बरण्या आल्या होत्या. कुठल्या कुठल्या नद्यांच्या, ओढ्यांच्या, खाड्यांच्या तळातून विद्यार्थ्यांबरोबर जाऊन त्यांनी तो काढलेला. कपाटं भरली, टेबलाखालची जागा भरली, शेवटी फ्रिजमध्ये आमच्या डब्यांशेजारी बरण्या दिसायला लागल्या तेव्हा आमचे मालक म्हणाले, "बाई, जुना तरी टाकून द्या." बाई म्हणाल्या, "भाजी आहे का ती जुनी व्हायला?" दुसऱ्या लॅबमधली मंडळी त्यांना गाळाच्या बाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "पाणी पाहुण्यासारखं असतं," त्या म्हणायच्या. "आत्ता इथे, मग तिथे. पाऊस झाला की कुठलीही नदी चार दिवस सोवळी होते. गाळ मात्र घरचा माणूस. सगळं गिळून तळाशी बसलेला. त्याला विचार." मग त्या त्याला खरंच विचारायच्या, म्हणजे बरणी उघडून वास घ्यायच्या, काचेवर चिमूटभर पसरून भिंगातून बघत "काय रे, कुणी काय घातलं तुला?" असं पुटपुटायच्या, आणि मग आम्ही तो आम्लात उकळून यंत्राला लावायचो. आमच्या घरी मी हे सांगितलं तेव्हा आईने हातातली कालथी थांबवून विचारलं होतं, "ती बाई खुळी आसा काय गो?"

दिसायलाही जरा तशाच. सुती साडी, खाली कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. गिरगावात पाठारे प्रभूंच्या जुन्या घरात एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी रिपोर्ट हातात घेऊन "म्हणजे ठीक आहे ना?" असं विचारलं की म्हणायच्या, "ठीक हा आकडा माझ्या यंत्रात येत नाही." वाईट निकाल फोनवर सांगायच्या नाहीत. त्या माणसाला बोलावून घ्यायच्या, समोर बसवायच्या, चहा मागवायच्या, आणि त्याने पहिला घोट घेतला की सांगायच्या. त्यामुळे बाईंनी चहा सांगितला की आम्ही सगळे खाली मान घालून कामाला लागायचो.

मासळीचं त्यांना वेड होतं. ते घराण्यातूनच आलेलं. दादरच्या बाजारात त्या मला घेऊन जायच्या. घासाघीस करायच्या नाहीत, पण कोळणीला "कुठला हा?" असं विचारायच्या आणि उत्तर ऐकून घेतल्याशिवाय पापलेटला हात लावायच्या नाहीत. त्या वयाची बायकामाणसं माशाचे कल्ले बघतात. बाई त्याचा पत्ता विचारायच्या.

एके दिवशी एक माणूस आमच्याकडे थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर मासे घेऊन आला. चाळिशीच्या आतला, पांढरा शर्ट, त्यावर इस्त्रीची मोड अजून ताजी. मुंबईपासून बऱ्याच लांब, डोंगरापलीकडे एक मोठा तलाव आहे, तिथल्या मच्छीमार सोसायटीचा तो चेअरमन होता. गोड्या पाण्यातली मासळी, कटला, रोहू, मरळ. मुंबईतल्या हॉटेलवाल्यांना ती द्यायची होती आणि मासे स्वच्छ असल्याचा दाखला हॉटेलवाल्यांना हवा होता.

"तलावात पाणी कुठून येतं?" बाईंनी विचारलं.

"तीन नद्या हायत. छोट्या छोट्या."

"तिन्हीच्या काठी काय आहे?"

"दोहोंच्या काठी शेतं. तिसरीवर शेड झाल्यात आता. जुन्या बॅटऱ्या फोडतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढच्या आठवड्यात आम्ही तिथे गेलो. त्याच्या होडीतून तिन्ही नद्यांच्या मुखाशी जाऊन पाणी घेतलं, गाळ काढला, दुपारी त्याच्याच घरी जेवलो. तलाव इतका सुंदर होता की मला बोलवेना. तिसऱ्या मुखाशी पाणी बाकीच्यासारखंच निळं, बगळे उभे. बाईंनी तिथला गाळ बोटांवर घेतला, वास घेतला आणि तिथल्या आणखी दोन बरण्या भरायला लावल्या.

पाणी जवळपास नियमात बसलं. दोन नद्यांचा गाळ बरा निघाला. तिसरीच्या गाळात शिसं आणि कॅडमियम इतकं होतं की बाईंनी यंत्र पुन्हा लावून सगळं पहिल्यापासून करायला सांगितलं. पुन्हा तेच आलं. त्या बाजूचे मासे नियमाबाहेर होते.

चेअरमनसाठी चहा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, पाणी चांगलं हाय म्हणालात ना? मग पाण्याचाच दाखला द्या."

आमच्या मालकांनाही ते पटलं होतं. पाण्याचा रिपोर्ट खराच होता, त्यात खोटं काही लिहायचं नव्हतं. बाई म्हणाल्या, "पाण्याचा दाखला दाखवून मासे विकणार असाल तर मी सही करणार नाही."

तो कप तसाच ठेवून उठला. कुठल्या तरी दुसऱ्या लॅबने त्याला पाण्याचा दाखला दिला असावा, कारण ती मासळी पुढच्याच महिन्यात दादरच्या बाजारात आली. बाईंनी "कुठला हा?" असं विचारलं आणि कोळणीने त्या तलावाचं नाव सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला अजून कानकोंडं होतं. बाई तिच्या पाटीशेजारी उभ्या राहिल्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागल्या, "हा घेऊ नका. ह्यात शिसं आहे." कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी, आवाज वर्गात शिकवतानाचा. लोक थांबायचे, हसायचे, निघून जायचे. कोळणीने आधी दुर्लक्ष केलं, मग ती उठलीच.

"ए बाय, घेयाचा नाय तर पुढं जा ना! माझ्या गिऱ्हाइकाला काय भडकवते?"

"तुला फसवलंय गं. तू हा विकू नकोस."

"एवढं वाटतं तर तूच घे ना सगळा!"

बाईंनी खरंच सगळा घेतला. मी आणि त्या, दोघींनी मिळून ती ओझी टॅक्सीत घातली, आणि आमच्या लॅबला दोन दिवस मासळीबाजाराचा वास येत होता. आम्ही प्रत्येक मासा कापला, मांस वेगळं, काळीज वेगळं, आम्लात विरघळवलं. शेवटी बाटल्यांमध्ये स्वच्छ पाण्यासारखा द्राव उरला. मासा कुठेच दिसत नव्हता आणि त्याने खाल्लेलं सगळं यंत्रात दिसत होतं. निकाल आल्यावर बाई पुन्हा बाजारात गेल्या. या वेळी कोळणीशेजारी उपड्या क्रेटवर बसून हळू आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "बाय, मी घरी पन नेला होता ह्यातला." मग तिने शेजारणीला हाक मारली. वर्तमानपत्रात काही छापून यायची गरज पडली नाही. दादरपासून लालबागपर्यंत त्या तलावाचा मासा कुणी उचलेना.

चेअरमन आला तो दार ढकलूनच. आम्ही सगळे उभे राहिलो. बाई बसूनच होत्या.

"आमच्या पोटावर पाय दिलात तुम्ही."

"मी दिला? त्या शेडवाल्यांनी दिलाय. जाऊन त्यांना विचारा."

"त्यांना काय विचारू? ते आम्हाला ओळखत नाहीत. त्यांचा शेठ कोण ते आम्हाला ठाऊक नाय. तुम्ही आमच्या होडीत बसलात, आमच्या घरी जेवलात. भांडायला मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ?"

बाईंनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुमच्या घरी छोटी मुलगी होती. कशी आहे?"

त्याचा आवाज एकदम खाली आला. "पोट दुखतं सारखं. चिडचिड करते. पयल्यासारखी बोलत नाय."

"तिला घेऊन या," बाई म्हणाल्या. "भांडण आपण नंतर पुरं करू."

परळच्या इस्पितळात मुलीचं रक्त तपासलं. त्यात शिसं होतं, डॉक्टरांनी लगेच औषधं सुरू करावीत इतकं. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले, म्हणून मुलीला एकट्या बापानेच आणलं होतं. औषधाचा एक फेरा झाला की काही दिवस थांबायचं, रक्त बघायचं, मग दुसरा. तेवढ्यासाठी गावाला ये-जा कशी करणार? बाईंनी दोघांना गिरगावातल्या आपल्या घरी आणलं. ज्या बाई आम्हाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ देत नसत, त्यांच्या ओट्यावर ती पोर बसून वाटाणे सोलायची. तिच्यासाठी बाई कोलंबीचं भुजणं करायच्या. चेअरमन बाहेरच्या खोलीत झोपायचा आणि शक्यतो बाईंशी बोलायचा नाही. बाईही त्याला बोलायला लावायच्या नाहीत. नदीमुळे झालं, तळ्यातला मासा बंद करा, एवढं त्यांनी त्याला एकदा सांगितलं होतं.

पण त्यांचं मन त्यावर बसत नव्हतं. लॅबमध्ये त्या पुन्हा पुन्हा आकडेमोड करायच्या. मला म्हणाल्या, "कॅडमियम असतं तर मानलं असतं. एवढं शिसं माशातून येत नाही गं. रोज दोन्ही वेळ खाल्ला तरी येत नाही. दुसरं काहीतरी आहे." त्यांनी बापाला विचारून विचारून भंडावलं. भांडी कसली? हळद कुठली? काजळ घरी करता का? घराला रंग कधी दिला? तो जेवढ्यास तेवढी उत्तरं द्यायचा.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. मुलगी खिडकीत बसून खालची गर्दी बघत होती. गळ्यात काळा दोरा, आणि दोऱ्याचं टोक तोंडात. काहीतरी चघळत होती. बाई ताटं उचलता उचलता थांबल्या. तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तळहात पुढे केला. "बघू तुझी गंमत?" मुलीने तोंडातून काढून दाखवली. बोटाच्या पेराएवढा मासा होता, करडा, खवले-शेपटीसकट नीट ओतलेला. त्यावर दातांचे बारीक बारीक खळगे होते.

"कुणी केला गं?"

"बाबांनी."

बाईंनी तो दोरा तिच्या गळ्यातून काढून घेतला, तिचे हात धुतले, तोंड धुतलं, आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. मासा ओट्यावर एका वाटीत ठेवलेला. तो शिशाचा होता हे सांगायला यंत्राची गरज नव्हती. जाळ्याला खाली ओढायला मच्छीमार शिशाच्या गोळ्या लावतात. त्या घरी ओततात. उरलेल्या शिशाचा बापाने मुलीसाठी मासा केला होता.

"सांगू का गं त्याला?" बाईंनी मला विचारलं. इतक्या वर्षांत निकाल सांगावा की नाही असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"सांगायलाच हवं ना?"

"हवंच. पण आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, ते एकतर करणारे होते, नाहीतर सोसणारे. हा दोन्ही आहे."

त्यांनी त्याला आत बोलावलं. स्टुलावर बसवलं. चहा केला नाही, तेवढंही त्यांना सुचलं नसावं. आधी म्हणाल्या, "मी तुम्हाला नदीमुळे झालं म्हणून सांगितलं होतं. ते चुकलं माझं." मग वाटी पुढे केली. शिसं कुठून आणता, असं विचारलं.

"शेडवरचे मजूर देतात," तो म्हणाला. "बॅटरीतलं ढेकूळ. मागच्या दारी चुलीवर वितळवतो." मग त्याने वाटीकडे बघितलं, मग बाईंकडे. त्याला सगळं कळल्याचं मला दिसलं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले, जणू ते कुठे दिसू नयेत.

"मी वितळवताना ती शेजारी बसते. तिला बघायला आवडतं."

बाईंनी वाटीवर ताटली झाकली.

"वाडीतल्या सगळ्या पोरांना दिलेत मी. जत्रेच्या वेळेला. सगळी मागत होती."

"मग सगळ्यांना आणायला हवं," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो माणूस, जो आमच्या लॅबचं दार ढकलून आत आला होता, तिथे स्टुलावर बसून रडला. बाहेरच्या खोलीतून मुलगी "बाबा" म्हणून हाक मारत होती, म्हणून आवाज न करता रडला.

पुढचं सगळं थोडक्यात सांगते. वाडीतली मुलं बाईंनी इस्पितळात आणवली. काहींच्या रक्तात शिसं निघालं, पण त्या मुलीइतकं कुणाच्या नाही. ती मुलगी आता शाळेत जाते. तिचं पोट दुखायचं थांबलंय, बोलते, हसते, पण अक्षरं तिच्या लक्षात राहायला फार वेळ लागतो, आणि डॉक्टर म्हणतात की तेवढं बहुतेक राहणार. बाईंच्या गाळाच्या निकालांवरून तक्रार गेली आणि शेड बंद झाल्या. वर्ष उलटायच्या आत त्याच शेड डोंगराच्या दुसऱ्या अंगाला दुसऱ्या नदीवर दिसल्या. बाई तिथलाही गाळ घेऊन आल्या, तेव्हा त्यांना धाप लागत होती आणि मी आणि लॅबमधल्या एका मुलीने त्यांना हात धरून काठावर चढवलं होतं. तलावाच्या लांबच्या टोकाला, चांगल्या दोन नद्यांच्या बाजूला, आता मासेमारी चालते. तिसऱ्या मुखाशी सोसायटीने स्वतःच दोर बांधून हद्द घातली आहे. गाळ तिथेच आहे. तो कुठे जाणार नाही.

शेडवर कारवाई व्हायच्या आधी एकदा चेअरमन आमच्याकडे आला होता. खांद्यावर गोणपाटाची पिशवी, लहानशीच, पण तो ती दोन्ही हातांनी सावरत होता. बाईंच्या टेबलावर ठेवली तेव्हा टेबल कुरकुरलं. घरोघर फिरून त्याने सगळं गोळा केलं होतं. जाळ्यांच्या गोळ्या, वितळवायची कढई, आणि पोरांकडून घेतलेले मासे, काहींना अजून दोरे होते.

"काही पोरं रडली," तो म्हणाला. "एकीने लपवून ठेवला होता. शोधून काढला." मग म्हणाला, "हे टाकायचं कुठं, बाई?"

"आमच्या घातक कचऱ्याबरोबर पाठवू."

"तिथं काय करतात त्याचं?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. "पुरतात," त्या म्हणाल्या. "खाली जाड प्लास्टिक घालतात, वर सिमेंट. ते संपत नाही. फक्त झाकून ठेवता येतं."

त्याने मान हलवली. मग बाई उठल्या आणि कपाटातून एक काचेची नळी घेऊन आल्या. जाड काचेची, दोन्ही तोंडं ज्योतीवर वितळवून बंद केलेली. आत त्याच्या मुलीचा मासा होता. बाईंनी तो स्वतः काचेत बंद केला होता. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, त्यामुळे एका टोकाला काच जरा वाकडी झाली होती.

"ती रोज मागते म्हणालात ना? आता हात लागणार नाही, तोंडात जाणार नाही. नुसता बघायला."

त्याने नळी उजेडात धरली. मग ती परत टेबलावर ठेवली, पिशवीच्या शेजारी.

"नको बाई. घरात नको. काच हाय, उद्या फुटेल." त्याने हात शर्टाला पुसले. "मी तिला लाकडाचा करून देईन. सागाचा तुकडा हाय माझ्याकडे."

बाईंनी नळी उचलून पिशवीत टाकली.

"रंग लावू नका त्याला," त्या म्हणाल्या.

"रंगात पन असतं?"

"असतं कधीकधी."

"मग कोराच देतो," तो म्हणाला, आणि मुलगी खाली वॉचमनपाशी थांबली होती म्हणून लगबगीने जिना उतरला.